दारूची पारख

अब्बा दारू निवडायचे तेव्हा आधी हात धुवायचे,
मग लिंबाखालच्या बाजेवर बसून
हात पुरते वाळेपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत.
गिऱ्हाईक उभंच.

कंधारात, किल्ल्याच्या खंदकाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं दुकान.
पाटीवर ‘शिकलगार’ आणि खाली ‘येथे दारू मिळेल’,
त्यामुळे रोज दोघं-तिघं चुकून आत यायचे,
ताटलीतली काळी पूड बघून
राम राम घालून परत फिरायचे.

पितळी ताटलीत तीन चिमटी.
एक सुरम्यासारखी,
एक खसखशीएवढी,
एक राळ्याच्या दाण्यासारखी, जाड, आळशी.
‘पिस्तुलाची नळी आखूड,
तिला कुठला आलाय वेळ?
तिला झटकन पेटणारीच पाहिजे.
पण झटकन पेटणारी वेगळी
आन् डोक्यात राख घालून घेणारी वेगळी, नसीमा.
हा फरक डोळ्याला कळत नाही,
नाकाला कळतो.
नाकाला नाही कळला तर बोटाला कळतो.
बोट गेल्यावर मग सगळ्या गावाला कळतो.’
आणि डावा हात वर करायचे,
करंगळीशेजारची जागा दाखवायला.

लोह्याचे व्यंकटराव पेठकर आले एकदा,
परवाना चार दिवसांचा, शाईसुद्धा वाळली नसावी.
म्हणाले, आवाज असा काढा, मामू,
की बाजारपेठ हादरली पाहिजे.
अब्बांनी तिन्ही चिमटी परत डब्यांत ओतल्या,
एकही दाणा न सांडता.
‘मग डफवाल्याला सुपारी द्या की.
आवाजाला मोठा तो नेमाला खोटा.’
पेठकर गेले, रागातच गेले,
दिवाळीला मात्र फराळाचा डबा आला.

गिऱ्हाईक नसलं की अब्बा काडतुसाच्या पुंगळ्या चिंचेनं घासत
आणि कधीकधी, मी न विचारता, सांगत:

पोलीस ॲक्शनच्या वर्षी, भादव्यात,
ते नऊ वर्षांचे, हातात कंदील.
रात्री एक माणूस आला, पिस्तूल आणि चाळीस रिकाम्या पुंगळ्या.
सकाळच्या आत पाहिजेत म्हणाला.
कशाला, हे बोलला नाही.
दादामियांनी हात धुतले,
पावसाळी हवेत ते वाळेचनात,
तरी थांबले.
मग फळीवरचे तिन्ही डबे सोडून
दाराआडची बरणी उचलली,
जी आषाढापासून ओल पीत बसली होती,
जी उकिरड्यावर टाकायची राहून गेली होती.
चाळीसच्या चाळीस भरल्या.
माप एका दाण्यानं चुकवलं नाही.
मजुरी हाली शिक्क्यात, पुरी, मोजून घेतली;
कमी घेतली असती तर त्याला शंका आली असती.

त्या माणसाच्या डोक्यावर टोपी होती की पटका,
मी अब्बांना तीनदा विचारलं.
तिन्ही वेळा म्हणाले,
‘कंदील खाली धरला होता, बेटी.’

पुढं त्या चाळिसांचं काय झालं?
एखादी फुसकन विझली असेल,
एखादी पायापाशी पडली असेल कोणाच्या,
आणि तो कोणीतरी पळाला असेल ज्वारीच्या रानात.
किंवा ओल तितकी नव्हतीच.
दादामिया नंतर कधी पिस्तुलाचं काम घेईनात
एवढंच घरात माहीत आहे.

मी आता नांदेडला, मुख्यालयाच्या शस्त्रागारात.
काडतुसं कारखान्यातून सीलबंद येतात,
पेटीवर क्रमांक, साल, कोणाची तरी सही.
निवडायला मला कोणी सांगत नाही,
मी फक्त मोजते आणि वहीत लिहिते.
पण पेटी उघडायच्या आधी हात धुते
आणि वाळेपर्यंत थांबते.
हवालदार गित्ते म्हणतो, मॅडम, नमाज आहे का पूजा?
मी म्हणते, मोज तू. एकशेवीस पाहिजेत.

ती बरणी अजून कंधारच्या घरात आहे.
अम्मी तिच्यात लोणचं घालत नाही.
बटणं, सुतळी, विजेची बिलं,
बाकी सगळं घालते.